समुद्र, लग्न आणि तात्यांचे पाय

"डॉक्टर, पोराकडं चाललोय. चार दिवस समुद्रावर राहायचं, मग लग्न. तेवढे दिवस गोळ्या नाही घेतल्या तर चालतंय का?"

हा प्रश्न कुंडलच्या दवाखान्यात अलीकडे बऱ्याचदा येतो. पूर्वी आमच्या भागातून परगावी जाणारे म्हणजे गलाईवाले किंवा मुंबईचे नोकरदार. आता घराघरातली मुलं परदेशात आहेत. लग्नं तिकडे ठरतात, आणि तिकिटाचे एवढे पैसे घातलेत म्हटल्यावर लग्नाआधी चार दिवस समुद्रकिनारी आराम करू असं सगळ्यांना वाटतं. वाटायलाच हवं. पण 'सुट्टी' या शब्दाचा अर्थ पुष्कळ पेशंट 'औषधाला सुट्टी' असा घेतात. साखरेला आणि बीपीला सुट्टी कळत नाही. गोळ्या बंद करायच्या नाहीत, हे एका वाक्यात सांगून होतं. ज्याबद्दल कोणीच विचारत नाही ते म्हणजे पाय. आजचा लेख पायांवर आहे. आमच्या घरचंच उदाहरण सांगतो. ज्यांचं आहे त्यांनी "लिही की, त्यात काय लाजायचं" अशी परवानगी दिली आहे.

आमचे तात्या, म्हणजे माझे चुलते. वय ७१. मधुमेहाला १८ वर्षं झाली. सकाळी गोळी, रात्री इन्सुलिन. तरुणपणी कुंडलच्या मैदानात लाल मातीत उतरलेला माणूस, त्यामुळे दुखण्याबद्दल बोलणं त्यांना कमीपणाचं वाटतं. त्यांच्या नातवाचं लग्न मॉरिशसच्या मुलीशी ठरलं. ती पुण्यात शिकायला होती, तिथेच दोघांची ओळख झाली. मुलगीही मराठी. तिच्या खापरपणजोबांच्या आधीची पिढी उसाच्या मळ्यात मजुरीसाठी मुंबई बंदरातून जहाजानं गेली. १८३४ पासून हिंदुस्थानातून लाखो माणसं अशी करारावर तिकडे नेली गेली. त्यांत रत्नागिरी, सातारा भागातलेही बरेच होते. ही माणसं जिथे उतरत तो पोर्ट लुईचा आप्रवासी घाट आज जागतिक वारसा आहे. मॉरिशसमध्ये गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते, हे कळल्यावर तात्यांनी सोयरीक मनोमन पक्की केली.

लग्न डिसेंबरात होतं. ठरलं असं की आधी चार दिवस पश्चिम किनाऱ्यावर फ्लिक आँ फ्लाक या गावी बंगला घेऊन राहायचं. मी निघण्याच्या दहा दिवस आधी तात्यांना दवाखान्यात बोलावलं आणि पायमोजे काढायला सांगितलं.

"लग्नाला चाललोय, पाय कशाला बघतोस?"

दहा ग्रॅमचा नायलॉनचा एक तंतू असतो. तो तळपायावर टेकवून तंतू वाकेपर्यंत दाबायचा आणि पेशंटनं डोळे मिटून 'आलं' म्हणायचं. एवढीच तपासणी. तात्या उजव्या पायाला टाच सोडली तर कुठेच 'आलं' म्हणाले नाहीत. मी तंतू बाजूला ठेवला तरी ते डोळे मिटून वाट बघत होते. पावलावरची नाडी दोन्हीकडे चांगली लागत होती, म्हणजे रक्तपुरवठा ठीक होता. त्यातल्या त्यात ही चांगली बातमी.

हे का होतं ते थोडक्यात सांगतो. साखर वर्षानुवर्षं वाढलेली राहिली की नसांना इजा होते. नसांना रक्त पुरवणाऱ्या बारीक रक्तवाहिन्याही खराब होतात. शरीरातल्या सर्वात लांब नसा कमरेपासून पायाच्या बोटांपर्यंत जातात, म्हणून सुरुवात बोटांपासून होते. आधी मुंग्या, आग, मग हळूहळू काहीच नाही. लोक या 'काहीच नाही'ला बरं झालं समजतात. "पायाची आग थांबली डॉक्टर, तुमच्या गोळीला गुण आला," असं सांगणारे पेशंट मला जास्त काळजीत टाकतात. त्याच नसा पायाचा घामही सांभाळतात. त्या गेल्या की कातडी कोरडी पडते, टाचांना भेगा पडतात आणि जंतूंना वाट मिळते.

तुमच्याकडे तो नायलॉनचा तंतू नसणार. घरी करता येईल अशी चाचणी सांगतो. पेशंटला पलंगावर पाय पसरून डोळे मिटायला सांगा. तुमच्या तर्जनीचं टोक त्याच्या बोटाच्या टोकाला अगदी हलकं, एक-दोन सेकंद लावा. दाबायचं नाही, टोचायचं नाही, गुदगुल्याही नाहीत. उजव्या पायाचा अंगठा, मग करंगळी, मग डाव्याचा अंगठा आणि करंगळी, शेवटी दोन्ही पायांची मधली बोटं. अशा सहा जागा झाल्या. स्पर्श कळला की त्यानं 'उजवा' किंवा 'डावा' म्हणायचं. सहापैकी दोन किंवा जास्त जागी कळलं नाही, तर पाय धोक्यात आहे असं समजून डॉक्टरांना दाखवा. प्रवासाला निघायच्या आधी दाखवा, आल्यावर नको.

तात्यांसाठी मी तीन गोष्टी ठरवल्या. बंद, मऊ, सैल बूट, तेही नवे कोरे नाहीत तर महिनाभर वापरलेले. पाण्यात उतरायला वेगळे रबरी बूट. आणि रोज रात्री मी पाय बघणार. तात्यांना तिसरी अट सर्वात अपमानाची वाटली. पुतण्यानं पायाला हात लावायचा तो नमस्काराला, टॉर्च घेऊन नव्हे, असं त्यांचं म्हणणं.

औषधांचं मोजकं सांगतो, कारण हेही बरेच जण चुकतात. इन्सुलिन हातातल्या बॅगेतच ठेवायचं. विमानाच्या पोटात टाकलेल्या सामानात ते गोठू शकतं, आणि गोठलेलं इन्सुलिन वितळल्यावर दिसतं चांगलं पण कामाचं राहात नाही. सोबत चिठ्ठी ठेवा, तिच्यावर औषधाचं मूळ नाव हवं, कारण आपल्याकडचं कंपनीचं नाव परदेशी दुकानदाराला कळत नाही. मॉरिशसचं घड्याळ आपल्यापेक्षा दीडच तास मागे आहे, तेवढ्यासाठी डोसच्या वेळांची उलथापालथ करावी लागत नाही. अमेरिकेला जाणाऱ्यांचा हिशेब वेगळा असतो, त्यांनी आधी विचारावं. सहा तासांच्या विमानात दर तासाला उठून चार पावलं चालायचं आणि बसल्या जागी घोटे वरखाली हलवायचे, म्हणजे पोटऱ्यांत रक्त साचत नाही. किनाऱ्यावर इन्सुलिनची पिशवी उन्हात ठेवू नका. आपल्याकडे फ्रीज नसलेल्यांना मी ओल्या वाळूतल्या मडक्यात ठेवायला सांगतो, तिकडे ओल्या कापडाची थंड पिशवी चालते.

विमानतळावरून बंगल्याकडे जाताना दोन्ही बाजूला ऊस. मळ्यांत काळ्या दगडांचे मोठमोठे ढीग रचलेले. मजुरांनी शेत साफ करताना वेचलेले ते दगड. तात्या खिडकीला नाक लावून म्हणाले, "हे तर आपलंच दगाड." बोलले ते खरं निघालं. भूगर्भतज्ज्ञांच्या मते साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ज्या जमिनीखालच्या आगीतून आपला सह्याद्रीचा काळा दगड आला, त्याच आगीतून फार पुढे मॉरिशस वर आलं. आमच्याकडे कारखान्यांची गाळपं जोरात होती, तिथला हंगाम नुकता उरकत आला होता. तात्यांना परदेशात आल्यासारखं वाटेना.

वाटायला हवं होतं, कारण ऊन परदेशी होतं. कुंडलला डिसेंबरात पहाटे बंब पेटतो. मॉरिशस विषुववृत्ताच्या खाली, २० अंश दक्षिणेला आहे. डिसेंबरात तिथे उन्हाळा, आणि दुपारी बारा वाजता सूर्य इतका डोक्यावर की माणसाची सावली पायाखाली जाते. वाऱ्यामुळे ऊन लागलेलं कळत नाही. बीपीसाठी हायड्रोक्लोरोथायझाइड घेणाऱ्यांची आणि डॉक्सिसायक्लिन घेणाऱ्यांची कातडी जास्त लवकर भाजते. डॅपाग्लिफ्लोझिनसारख्या, लघवीतून साखर बाहेर टाकणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांच्या अंगातलं पाणी लवकर कमी होतं. उलट्या-जुलाब लागले तर त्या गोळ्या थांबवून डॉक्टरांना फोन करायचा. आणि दुपारची कोरडी वाळू ५० अंशांच्याही वर तापू शकते. आपण 'आई गं' म्हणून उडी मारतो. बधिर पाय उडी मारत नाही.

पहिल्याच संध्याकाळी वाद झाला.

"आरं, वाळूत अनवाणी चाललं की पाय मोकळं होत्यात. सगळी दुनिया अनवाणी हिंडतीय, आणि मी एकटा पायताण घालून?"

"तात्या, दुनियेच्या पायाला कळतं."

ते गप्प झाले आणि बूट घातले. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे जे झालं त्यात तात्यांचा हट्ट नव्हता. त्यांनी सांगितलेलं सगळं पाळलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्त्यानंतर सगळे किनाऱ्यावर फिरलो. मऊ कोरड्या वाळूत चालायला कठीण जमिनीच्या जवळजवळ दुप्पट शक्ती लागते, म्हणून तात्यांच्या खिशात ग्लुकोजची पुडी होती. लागली नाही. रात्री मी टॉर्च काढला. उजव्या पायमोज्याच्या तळाला गुलाबी ओल दिसली. मोजा काढला. अंगठ्याच्या मुळाशी, जिथे सगळा भार पडतो त्या उंचवट्यावर, रुपयाएवढा फोड फुटलेला आणि मध्ये एक चीर. बूट झटकला तर तुरीच्या डाळीएवढा प्रवाळाचा तुकडा टप्पकन फरशीवर पडला. त्या तुकड्यावर ते तास-दीड तास चालले होते. तुमच्या-माझ्या बुटात खडा गेला तर आपण चार पावलांत थांबतो.

तात्यांनी तो तुकडा हातात घेऊन उलटसुलट पाहिला. "मला म्हायतीच न्हाई," एवढंच म्हणाले. त्यांचा चेहरा मी आधी असा पाहिला नव्हता. कुस्तीत हरल्यावर निदान कळतं तरी की पाठ लागली.

त्या रात्री काय केलं ते सांगतो. जखम वाहत्या स्वच्छ पाण्यानं आणि नंतर सलाइननं धुतली, आत कण राहिला नाही ना पाहिलं, कोरडी पट्टी बांधली. धनुर्वाताचं इंजेक्शन आधी झालेलं होतं. जखमेभोवती लाली, सूज, ऊब, पू यातलं काही नव्हतं, म्हणून अँटिबायोटिक दिलं नाही. जखमेपासून थोड्या अंतरावर चहूकडे पेननं रेघ मारली. लाली दिसली आणि त्या रेघेकडे सरकायला लागली तर रात्री दोन वाजले असले तरी दवाखाना गाठायचा, हे सगळ्यांना सांगून ठेवलं. समुद्राच्या पाण्यात काही जंतू असे असतात की मधुमेह किंवा लिव्हरचा आजार असलेल्या माणसाच्या जखमेत ते काही तासांत पसरतात. झपाट्यानं पसरणारी लाली, काळपट पाण्याचे फोड, ताप, जखमेच्या मानानं फार जास्त वेदना, यातलं एक जरी दिसलं तरी घरगुती उपायांत वेळ घालवायचा नाही. हळद भरायची नाही, बिब्बा लावायचा नाही, गरम पाण्यात पाय सोडून बसायचं नाही.

गरम पाण्यावरून आठवलं. तिथल्या उथळ पाण्यात 'दगडमासा' असतो, हुबेहूब दगडासारखा दिसणारा. त्याच्या पाठीवरच्या विषारी काट्यावर पाय पडला तर मरणप्राय दुखतं, आणि त्यावर प्रथमोपचार म्हणजे सुमारे ४५ अंश गरम पाण्यात पाय अर्धा ते दीड तास बुडवून ठेवणं आणि लगेच दवाखान्यात नेणं. उपाय चांगला आहे, पण बधिर पायाच्या माणसानं पाणी स्वतःच्या त्या पायानं तपासायचं नाही. दुसऱ्या कोणीतरी हातानं बघायचं. नाहीतर काट्याचा इलाज करताना पाय भाजून निघतो. पाण्यात रबरी बूट घालायचे ते यासाठी.

आता खरी औषधयोजना म्हणजे पायावर भार न देणं. मधुमेहाची तळपायाची जखम मलमानं भरत नाही, ती भार काढल्यावर भरते. कातडी नवी येते आणि पेशंट चालत गेला की पुन्हा फाटते, कारण दुखत नाही ना. दुखणं हा पायाचा राखणदार आहे, तो नसल्यावर राखण दुसऱ्यानं करायची. मी जाड फेल्टचा तुकडा जखमेएवढं भोक पाडून चिकटवला, म्हणजे वजन आजूबाजूला पडेल. आणि तात्यांना व्हरांड्यात बसवलं.

उरलेले दोन दिवस ते सुरूच्या झाडांखाली आरामखुर्चीत बसून होते. आपल्या कोकण किनाऱ्यावर असतात तशीच ती सुरूची झाडं. समोर निळं, उथळ, शांत पाणी आणि दूर प्रवाळाच्या कठड्यावर फुटणाऱ्या लाटांची पांढरी रेघ. पोरं पोहत होती. विहिरीत पोहायला शिकलेल्या आमच्या पोरांना मी त्या कठड्यातल्या खिंडीकडे जाऊ नका म्हणून बजावलं होतं, तिथे ओढ असते. तात्या नुसते बघत होते. मला वाटतं आयुष्यात पहिल्यांदा ते सलग दोन दिवस काही न करता बसले. तिसऱ्या दिवशी सकाळची साखर १२८ आली. त्यांनी ती मला न विचारता वहीत लिहिली.

पण मनात लग्न होतं. मांडवात पायताण काढावं लागणार. नवरदेवाचे आजोबा चप्पल घालून मांडवात बसले तर सोयरे काय म्हणतील? "एक दिवसानं काय हुतंय?" हे वाक्य त्यांनी मला चार वेळा ऐकवलं. एक दिवसानं काय होतं ते मी पाहिलेलं आहे. आपल्याकडे झरी पार्श्वनाथाच्या डोंगरावर श्रद्धेनं अनवाणी चढणारे पेशंट असतात, देवळात तापलेल्या फरशीवर प्रदक्षिणा घालणारे असतात. एका दुपारच्या भाजण्यातून बोट गेलेलं मी पाहिलं आहे.

हा गुंता माझ्या बोलण्यानं सुटला नाही. हळदीच्या संध्याकाळी सुटला. तिकडे या समारंभाला फ्रेंचवरून आलेला 'सफ्रां' हा शब्द आहे. नवरीची आजी पुढच्या रांगेत खुर्चीत बसलेली, पायात जाड तळाचे खास बूट. मॉरिशसमध्ये मधुमेह फार आहे, साधारण पाचातल्या एका प्रौढाला. म्हणून तिथलं सरकार १९८७ पासून ठराविक वर्षांनी लोकांची तपासणी करत आलं आहे. त्याच वर्षी रेशनच्या खाद्यतेलातलं पामतेल काढून सोयाबीनचं तेल आणलं, आणि पाच वर्षांत लोकांचं सरासरी कोलेस्टेरॉल सुमारे १५ टक्क्यांनी उतरलं. जगभरच्या डॉक्टरांना हा प्रयोग माहीत आहे. मधुमेह मात्र तेवढ्यानं हटला नाही.

आजींची मराठी तुटक, दोन वाक्यांनंतर क्रिओल सुरू होई. त्यांनी तात्यांच्या पायाची पट्टी पाहिली, हातानं खूण करून जवळ बोलावलं आणि सरळ आपला उजवा बूट काढला. पावलाचा पुढचा भाग नव्हता. "ऊस," त्या म्हणाल्या. नातीनं सांगितलं की मळ्यातल्या उसाच्या खुंटानं पाय कापला होता, आठ दिवस कळलंच नाही. मग आजी तात्यांच्या पायाकडे बोट दाखवून ठसक्यात म्हणाल्या, "मेत तो सावात!"

तात्या दचकले. "सवत? कुणाची सवत?"

सावात म्हणजे चप्पल. 'चप्पल घाल' म्हणत होत्या. सगळा मांडव हसला, सर्वात जास्त त्या दोघी-तिघी म्हाताऱ्या.

दुसऱ्या दिवशी तात्या मांडवात बसले ते बाहेर एकदाही न वापरलेले, स्वच्छ तळाचे सँडल घालून, आत पांढरे सुती पायमोजे. भटजींना मुलीच्या वडिलांनी आधीच सांगून ठेवलं होतं, त्यांनी काही हरकत घेतली नाही. अक्षता टाकायला तात्या उभे राहिले, तेवढेच. वरातीत नाचले नाहीत, गाडीत बसून टाळ्या वाजवल्या.

कुंडलला परतल्यावर जखम पूर्ण भरायला सहा आठवडे लागले. तेवढे दिवस दर चार दिवसांनी पट्टी, घट्टा तासणं, आणि शेतात जायचं नाही. आता त्यांच्या बुटाच्या कपाटापाशी एक आरसा आहे, तळपाय बघायला. पायात घालण्याआधी बूट उलटा करून झटकतात आणि आत हात घालून बघतात. मोजे पांढरेच वापरतात, म्हणजे रक्त लागलं तर दिसतं. रविवारी मॉरिशसला व्हिडिओ कॉल लागला की ख्यालीखुशालीच्या आधी दोन्हीकडून मोबाइल खाली जातो. आजी त्यांचा बूट दाखवतात, तात्या आपला तळपाय दाखवतात, आणि मग नव्या जोडप्याची विचारपूस सुरू होते.